डायव्हिंगच्या सरावात डिले व्हिडिओ: सेकंद ठरवण्यापासून पडदा बंद करण्यापर्यंत

डायव्हिंगमध्ये हवेतला वेळ फार थोडा. १० मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून नुसतं खाली पडलं तरी पाणी गाठायला १.४३ सेकंद लागतात. वर उसळी घेतली तर हा वेळ पावणेदोनच्या आसपास जातो. ३ मीटरच्या स्प्रिंगबोर्डवर साधारण दीड सेकंद मिळतो, १ मीटरवर सव्वाच्याही आत. एवढ्यात कोलांट्या, उघडणं (गुंडाळलेलं शरीर सरळ करणं), रेषेत येणं आणि पाण्यात शिरणं सगळं उरकायचं असतं. त्यामुळे आपलं शरीर नेमकं काय करत होतं हे डायव्हरला बरेचदा सांगता येत नाही. प्रशिक्षक म्हणतो, "हात उशिरा आले." डायव्हर मान डोलावतो आणि पुढच्या सुरात हात पुन्हा उशिराच येतात.

डिले सिस्टीमची कल्पना साधी आहे. कॅमेरा बोर्डाकडे रोखून सतत चालू ठेवायचा आणि त्याचं चित्र पडद्यावर ठरलेल्या सेकंदांनी उशिरा दाखवायचं. रेकॉर्डचं बटण दाबायला नको, क्लिप शोधायला नको, प्रशिक्षकाचे दोन्ही हात मोकळे राहतात. डायव्हर पाण्याबाहेर येऊन पडद्याकडे वळतो तेव्हा त्याचीच उडी पहिल्या पावलापासून सुरू होत असते.

उपकरणं जमवणं त्यामानाने सोपं असतं. कस लागतो तो सेकंदांचा आकडा ठरवताना. हा आकडा सॉफ्टवेअरच्या एका कोपऱ्यात असतो, म्हणून लोक त्याला तांत्रिक बाब समजतात आणि एकदा टाकून विसरून जातात. खरं तर तो प्रशिक्षणाचा निर्णय आहे.

किती सेकंद ठेवायचे

स्टॉपवॉच सुरू करायचं ते डायव्हरच्या पहिल्या पावलाला, पाण्यात शिरल्यावर नव्हे. पडद्यावर आपल्याला अप्रोच (बोर्डावरची चाल) आणि हर्डलही (टोकावर येण्यासाठीची शेवटची उसळी) पाहायचा असतो. पाठमोऱ्या किंवा इनवर्ड (पाण्याकडे पाठ करून बोर्डाच्या दिशेने फिरायच्या) उडीत पाऊल नसतं, तिथे हातांची पहिली हालचाल धरा. हातांवर उभं राहून मारायच्या उडीत पाय प्लॅटफॉर्मवरून सुटतात तो क्षण. घड्याळ थांबवायचं डायव्हर बाहेर येऊन पडद्यासमोर उभा राहिला की.

३ मीटरच्या स्प्रिंगबोर्डवर हिशेब साधारण असा जमतो: पहिल्या पावलापासून पाण्यापर्यंत ५ सेकंद, खालून वर यायला २ ते ३, कडेपर्यंत पोहायला ६ ते ८, बाहेर पडून वळायला ४. म्हणजे १७ ते २०. गटातला सर्वांत सावकाश पोहणारा घ्या, त्याच्या तीन-चार उड्या मोजा आणि त्यातल्या सर्वांत मोठ्या आकड्यात ३ ते ५ सेकंद मिळवा. ३ मीटरसाठी बहुतेक तलावांत आकडा २२ ते २५ च्या दरम्यान येतो. १ मीटरवर २० पुरतात. १० मीटरवरून खोल जाणं आणि वर येणं दोन्हीला वेळ लागतो, तिथे ३० लागू शकतात.

हे वरचे ३ ते ५ सेकंद श्वास घेण्यासाठी नाहीत. चित्र सुरू व्हायच्या आधी डायव्हरने स्वतः बोलावं यासाठी ते ठेवलेले असतात: "शॉर्ट गेलो" (फिरणं कमी पडलं), "टेक-ऑफला मागे झुकलो," "कळलं नाही." एक वाक्य पुरे. मग पडदा पाहायचा आणि बोललेलं खरं निघतं का ते तपासायचं. हे अंतर नसेल तर डायव्हर पडद्यावर विसंबतो. आपल्या अंगाला काय जाणवलं याची दखल घेणं तो सोडून देतो आणि स्पर्धेत पडदा नसला की चाचपडतो.

याला संशोधनाचाही आधार आहे. १९९० मध्ये स्टीफन स्विनन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हालचाल संपताक्षणी निकाल कळला तर सराव होतो पण शिकणं कच्चं राहतं. काही सेकंदांनी कळला, आणि मधल्या वेळात करणाऱ्याने स्वतः अंदाज बांधला, तर ते पक्कं होतं. त्याच वर्षी कॅरोली विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांनी असंही मांडलं की प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगण्यापेक्षा निम्म्या प्रयत्नांनंतर सांगितलेला पुढे जास्त टिकतो. हे प्रयोग प्रयोगशाळेत, हाताच्या हालचालींवर झाले होते. त्यांची टक्केवारी डायव्हिंगला जशीच्या तशी लावू नका, दिशा मात्र घ्या. नवी उडी शिकवताना सुरुवातीला प्रत्येक उडी दाखवली तरी चालेल. उडी बसायला लागली की एकाआड एक दाखवा, आणि पुढे डायव्हरने मागितली तरच.

कॅमेरा: किती फ्रेम, किती शटर

१० मीटरवरून पाण्यात शिरताना वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर असतो, म्हणजे ताशी ५० किलोमीटर. सेकंदाला ३० फ्रेम (सुटी चित्रं) घेणाऱ्या कॅमेऱ्यात एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत डायव्हर ४७ सेंटीमीटर खाली गेलेला असतो. हात पाण्याला टेकण्याचा क्षण या दोहोंच्या मध्ये कुठेतरी हरवतो. ६० फ्रेमवर हे अंतर २३ सेंटीमीटर होतं, १२० वर १२. फिरण्याचंही तसंच. घट्ट टकमध्ये (गुडघे छातीशी घेऊन) वेग सेकंदाला तीन फेऱ्यांपर्यंत गेला तर ३० फ्रेमच्या व्हिडिओत शरीर दर फ्रेमला ३६ अंश फिरलेलं दिसतं, ६० फ्रेमवर १८ अंश.

म्हणून ६० च्या खाली जाऊ नका. पण डिलेसाठी १२० किंवा २४० च्या मागे लागण्यातही अर्थ नाही. नेहमीचा टीव्ही सेकंदाला ६० चित्रंच दाखवतो, वरच्या फ्रेम वाया जातात आणि मेमरी खातात. १२० हव्यात त्या वेगळी क्लिप घेऊन ती सावकाश पाहायची असेल तेव्हा.

शटरकडे (एका फ्रेमसाठी कॅमेरा किती वेळ प्रकाश घेतो त्याकडे) मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं आणि मग ६० फ्रेम असूनही चित्र धूसर का, हे कोडं पडतं. १४ मीटरच्या वेगाला १/६० शटरवर हात २३ सेंटीमीटर फरफटलेला दिसतो. १/२५० वर ५.६ सेंटीमीटर, १/१००० वर दीड सेंटीमीटरच्या आत. उघड्या तलावावर १/१००० सहज मिळतं. बंदिस्त तलावात उजेड कमी असतो, तिथे १/५०० वर समाधान माना आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवा. चित्रात थोडे दाणे दिसले तरी चालतील, हाताची रेषा पुसली गेलेली चालणार नाही. वेगवान शटरवर दिव्यांची फडफड दिसते, कारण ५० हर्ट्झच्या विजेवरचे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. चित्रात पट्टे सरकतात. ते डोळ्याला खुपतात एवढंच, त्यासाठी शटर १/१०० वर आणू नका.

फोन किंवा टॅब्लेट वापरत असाल तर चार गोष्टी हाताने बंद करायच्या. पहिली, उजेड कमी झाला की फ्रेम आपोआप ३० वर आणणारी सोय. दुसरी, स्टॅबिलायझेशन: ट्रायपॉडवर ते निरुपयोगी आहे, शिवाय चित्राच्या कडा कापतं. तिसरी, ऑटोफोकस. तुषार उडाले की फोकस त्यांच्यामागे धावतो आणि पुढचा डायव्हर अस्पष्ट येतो. बोर्डाच्या टोकावर कुणाला तरी उभं करून फोकस तिथे लॉक करा. चौथी, ऑटो एक्स्पोजर: छताच्या अंधारातून चकाकत्या पाण्यापर्यंत येताना चित्र उजळतं आणि मावळतं, म्हणून तेही लॉक.

एवढं करूनही फ्रंट कॅमेरा वापरला तर चित्र आरशासारखं उलटं दिसतं. साध्या उडीत ते लक्षातही येत नाही. ट्विस्टच्या उडीत मात्र डावीकडचा पिळा उजवीकडे दिसतो आणि डायव्हर गोंधळतो. मागचाच कॅमेरा वापरा, आणि ॲपमध्ये "मिरर" चालू नाही ना ते बघा.

कुठे उभा करायचा

कॅमेरा बाजूने, उडीच्या रेषेशी काटकोनात. डायव्हर बोर्डावरून सरळ पुढे जातो ती रेषा मनात आखा. बोर्डाचं टोक आणि पाण्यात शिरण्याची जागा यांच्या मधोमध समोर येईल असा ट्रायपॉड ठेवा. कॅमेरा पुढून तिरका लावला की पुढेमागे झुकणं कमी दिसतं आणि कॅमेऱ्याच्या दिशेचं झुकणं त्यात मिसळतं. मग सरळ गेलेली उडी तिरकी वाटते आणि नसलेली चूक दुरुस्त करण्यात अख्खा तास जातो.

अंतराचा हिशेब चौकटीत काय मावायला हवं यावरून करा. १० मीटरसाठी पाण्यापासून वर सुमारे १३ मीटर उंची लागते. फोनचा मुख्य कॅमेरा आडवा धरला तर व्हिडिओत उभ्या दिशेने साधारण ४० अंश दिसतं. त्यासाठी कॅमेरा १८ मीटर दूर हवा. तोच फोन उभा धरला तर उभ्या दिशेला ६५ अंश मिळतात आणि १० मीटरवर काम होतं. म्हणून प्लॅटफॉर्मसाठी फोन उभा. स्प्रिंगबोर्डवर गणित बदलतं. बोर्ड जवळपास ४.९ मीटर लांब असतो. अप्रोचची शेवटची पावलं, हर्डल आणि पुढे पाण्यात शिरण्याची जागा धरून ७ मीटर रुंदी लागते. ३ मीटरच्या बोर्डासाठी साडेसात मीटर उंची धरली तर फोन आडवा ठेवून १० ते ११ मीटर अंतर बरोबर बसतं. जागा नाही म्हणून ०.५ची वाइड लेन्स लावू नका. तिच्यात कडेच्या सरळ रेषा वाकतात, आणि पाण्यात शिरण्याची जागा नेमकी कडेलाच येते.

शरीर सरळ गेलं की नाही हे ठरवायचं असेल तर आधी कॅमेरा सरळ आहे का ते ठरवा. प्लॅटफॉर्मचा खांब किंवा भिंतीचा कोपरा चौकटीच्या उभ्या कडेला समांतर दिसला पाहिजे. खालून वर रोखलेल्या कॅमेऱ्यात खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकतात. तेवढ्या प्रमाणात शरीरही झुकलेलं दिसणार. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर अर्ध्या उंचीला जागा मिळाली तर उत्तम. नाहीतर एंट्रीची जागा चौकटीच्या उभ्या मध्यरेषेजवळ ठेवा, तिथे हा तिरकसपणा कमीत कमी असतो.

कॅमेरा एकदा लावला की हलवायचा नाही. डायव्हरच्या मागे फिरवायचा मोह होतो, पण स्थिर चौकटीतच दोन उड्यांची तुलना करता येते. काचेवर, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर, पुसता येणाऱ्या पेनाने बोर्डाची पातळी आणि बोर्डाच्या टोकापासून खाली सरळ उभी रेषा काढून ठेवा. डायव्हर किती पुढे गेला, किती उंच गेला हे मग कुणाला सांगावं लागत नाही. ट्रायपॉडला धक्का लागला की या रेषा जुळत नाहीत आणि तेही लगेच कळतं.

ट्विस्टसाठी बाजूचा कॅमेरा अपुरा पडतो. हातांची असमान हालचाल आणि शरीराचा कल समोरून किंवा मागून दिसतो. दुसरा कॅमेरा असेल तर तो बोर्डाच्या रेषेत समोर लावा. एकच असेल तर ट्विस्टच्या उड्या सत्राच्या एका भागात एकत्र घ्या आणि तेवढ्यापुरती जागा बदला.

संगणक, केबल आणि मेमरी

टॅब्लेटवर डिलेची तयार ॲप्स मिळतात आणि एका कॅमेऱ्यासाठी ती पुरेशी आहेत. लॅपटॉप असेल तर विंडोजवर किनोव्हिया हे मोफत, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर चांगलं. त्याच्या कॅप्चर पडद्यावर डिलेची सरकपट्टी असते. ती २५ सेकंदांपर्यंत जात नसेल तर प्रेफरन्सेसमध्ये कॅप्चरसाठी दिलेली मेमरी वाढवा. ओबीएस या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ डिलेचा फिल्टर आहे, पण तो २०,००० मिलिसेकंदांवर थांबतो. १ मीटरला तेवढं जमतं, वरच्या बोर्डाला अपुरं पडतं.

मेमरीचा अंदाज आधी घ्या. न दाबलेल्या १०८०पी चित्राची एक फ्रेम सुमारे ३.१ मेगाबाइट असते. सेकंदाला ६० आणि विलंब ३० सेकंद म्हणजे १८०० फ्रेम, सुमारे ५.६ गिगाबाइट. ८ गिगाबाइट रॅमचा लॅपटॉप इथे धापा टाकतो आणि फ्रेम गाळायला लागतो. ७२०पीवर हाच हिशेब अडीच गिगाबाइटचा होतो. निवड करायचीच झाली तर ७२०पी आणि ६० फ्रेम घ्या. १०८०पी आणि ३० नको. डायव्हिंगमध्ये बारकाव्यापेक्षा क्षण महत्त्वाचा.

कॅमेऱ्याची एचडीएमआय लॅपटॉपला जोडणारा छोटा कॅप्चर डोंगल वापरत असाल तर त्याच्या सेटिंगमध्ये एमजेपेग (चित्र दाबून पाठवणारा प्रकार) निवडा. न दाबलेल्या १०८०पी६० ला सेकंदाला १८५ मेगाबाइटहून जास्त लागतात. यूएसबी २ वर ते जाणंच शक्य नाही. डोंगल मग गुपचूप फ्रेम कमी करतो आणि पडद्यावर धक्के बसतात. दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

पडद्यापर्यंत चित्र वायरलेस पाठवलं तर सेकंदभर उशीर होतो. एरवी हा दोष ठरतो. इथे उशीर आपल्याला हवाच आहे, म्हणून तेवढा डिलेमधून वजा करायचा. खरा त्रास चित्र अडकण्याचा. गर्दीच्या तलावावर ते अडकतंच, त्यामुळे जमेल तिथे केबल टाका. साधी एचडीएमआय केबल १० मीटरपर्यंत निर्धास्त चालते, पुढे भरवसा नाही.

सगळं जोडून झाल्यावर खरा विलंब मोजा. फोनवरचं स्टॉपवॉच कॅमेऱ्यासमोर धरा आणि दुसऱ्या फोनने स्टॉपवॉच व पडदा दोन्ही एकाच फोटोत घ्या. दोन आकड्यांतला फरक हाच तुमचा विलंब. तासाभराने पुन्हा मोजा. आकडा सरकला असेल तर फ्रेम गळताहेत.

पडदा, वीज आणि ओली जमीन

पडदा डायव्हर बाहेर येतो त्या शिडीजवळ हवा, पण बोर्डावरच्या डायव्हरच्या नजरेत नको. कोलांटीत डायव्हर ठरावीक जागा डोळ्यांनी पकडतो. तिथे झगमगता, हलता पडदा असेल तर लक्ष उडतं. पडद्याची पाठ बोर्डाकडे ठेवा. ५-६ मीटरवरून पाहायला ४३ इंच पुरतो. उन्हात पडदा काळा दिसतो, तीन बाजूंनी काळ्या पुठ्ठ्याची झापड लावल्याशिवाय काही दिसत नाही.

विजेवर चालणारं काहीही तलावाच्या कडेपासून साडेतीन मीटरच्या आत ठेवू नका, आणि ज्या सॉकेटमधून वीज घेता तिथे ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरोधक स्विच असलाच पाहिजे. कडेजवळ ठेवायचं ते बॅटरीवर चालणारं. जमिनीवरून जाणारी केबल रबरी पट्टीखाली दाबा. ओल्या पायांनी घाईत चालणारी मुलं केबल पाहत नाहीत.

गार खोलीतला कॅमेरा दमट बंदिस्त तलावात आणला की लेन्सवर वाफ धरते. सराव सुरू व्हायच्या अर्धा तास आधी बंद पिशवीतच तिथे आणून ठेवा आणि मग बाहेर काढा. उघड्यावर उलटी अडचण: चार्जिंगला लावलेला फोन उन्हात तापतो आणि मध्येच बंद पडतो. छत्री लावा.

आणि पडद्याचा आवाज बंद. कायम बंद. नवी उडी शिकताना अनेक प्रशिक्षक उघडण्याच्या क्षणी ओरडून इशारा देतात आणि डायव्हर त्या इशाऱ्यावर उघडतो. स्पीकर चालू असेल तर हीच आरोळी २५ सेकंदांनी पुन्हा घुमते, आणि तेव्हा हवेत दुसराच डायव्हर असतो. तो चुकीच्या क्षणी उघडला तर पाठीवर आपटेल. हा धोका कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही.

रांग कशी चालवायची

विलंब आणि दोन डायव्हरमधलं अंतर यांचा मेळ बसला नाही तर पडद्यावर पहिल्याची उडी सुरू असतानाच तिसरा उडी मारतो आणि प्रशिक्षकाला दोन्हीकडे बघावं लागतं. विलंब २५ सेकंद असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पहिल्याची उडी पडद्यावर संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणं. ३३ सेकंदांनी एक उडी. सहा जणांच्या गटात प्रत्येकाला सव्वातीन मिनिटांनी पाळी येते. चढायला, थोडा विचार करायला तेवढा वेळ ठीकच आहे.

गती वाढवायची असेल तर अंतर १६ सेकंदांचं ठेवा. पहिला ० ला सुटतो, दुसरा १६ ला, तिसरा ३२ ला. पहिल्याचं चित्र २५ ते ३२ मध्ये येतं, म्हणजे दुसरा पाण्यात गेल्यावर आणि तिसरा सुटण्याआधी. प्रत्यक्ष उडी आणि पडद्यावरची उडी एकमेकांवर येत नाहीत. अंतर १२ केलं तर तिसरा २४ ला सुटतो आणि पहिल्याचं चित्र २५ ला, म्हणजे टक्कर. विलंब बदललात की हे गणित पुन्हा मांडा. आणि घड्याळ काहीही म्हणो, आधीचा डायव्हर खालून बाजूला झालेला दिसल्याशिवाय पुढच्याला सोडायचं नाही.

सॉफ्टवेअरमध्ये पडदा दोन भागांत वाटता येत असेल तर एकाच कॅमेऱ्याला दोन विलंब द्या: डावीकडे २५, उजवीकडे ३५. डायव्हरला तीच उडी लागोपाठ दोनदा दिसते. पहिल्यांदा नुसती पाहायची, दुसऱ्यांदा एकाच जागेवर नजर ठेवून. दुसरं चित्र ४२ पर्यंत चालत असल्याने १६ सेकंदांच्या रांगेत ते जमत नाही, थोडं सावकाश घ्यावं लागतं.

पाहायचं काय

डायव्हरला मोकळं सोडलं तर तो तुषार पाहतो. पाणी किती उडालं यावर उडी चांगली की वाईट हे ठरवून मोकळा होतो. तुषार हा शेवटचा परिणाम आहे. त्याचं कारण बहुतेक वेळा दीड सेकंद आधी, बोर्डावर घडलेलं असतं. म्हणून डायव्हर बाहेर येतानाच एक प्रश्न द्या, एकच: "पाय बोर्ड सोडताना हात कुठे आहेत ते सांग." पुढच्या तीन-चार उड्या तोच प्रश्न.

बाजूच्या चौकटीत मी सर्वांत आधी पाहतो ती पाय बोर्ड सोडण्याची फ्रेम. घोटा, कंबर आणि खांदा यांची रेषा किती पुढे झुकली आहे? झुकाव जास्त असेल तर उडी लांब आणि बुटकी जाते, उंची नसल्याने कोलांटी घाईत उरकावी लागते. झुकाव फारच कमी किंवा मागे असेल तर डायव्हर बोर्डाच्या जवळून खाली येतो. इथे सुधारणा नंतर, आधी उडी थांबवा. हात वर पोहोचायच्या आतच पाय सुटत असतील तर बोर्डाची उसळी हातांसाठी वाया गेली. अशा वेळी हर्डलमध्ये मागे जाऊन हात कुठे रेंगाळले ते शोधा.

पुढे उघडण्याची वेळ. पडद्यावर काढलेल्या बोर्डाच्या पातळीच्या रेषेचा इथे उपयोग होतो. प्रत्येक वेळी त्या रेषेच्या वर की खाली उघडतो, हे डायव्हरलाच सांगायला लावा. ओव्हर गेला (जास्त फिरला) म्हणजे उशिरा उघडला, शॉर्ट गेला म्हणजे लवकर, असा सरसकट नियम नको. टेक-ऑफला फिरकीच कमी मिळाली तर योग्य जागी उघडूनही शॉर्टच जातो, आणि त्याला "उशिरा उघड" सांगितलं की चूक झाकली जाते.

एंट्रीत हात आणि डोकं पाहा: तळवे पाण्याला सपाट आहेत का, कान दंडांमध्ये आहेत का. पाण्याखाली काय झालं हे या कॅमेऱ्याला दिसत नाही. सेव्हवर (पाण्यात शिरल्यावर शरीर वळवून एंट्री सावरण्यावर) काम करायचं तर खिडकीतून किंवा पाण्याखालच्या कॅमेऱ्याने वेगळं घ्यावं लागतं.

पडदा कधी बंद ठेवायचा

डिले सिस्टीम निवड करत नाही, समोर जे घडलं ते दाखवते. कुणी पाठीवर किंवा पोटावर सपाट आपटलं तर २५ सेकंदांनी तेही सगळ्यांसमोर पुन्हा दिसणार. पडदा काळा करणारं बटण किंवा रिमोट प्रशिक्षकाच्या खिशात असू द्या. आपटल्यावर आधी डायव्हरची विचारपूस, श्वास, दुखापत; व्हिडिओ त्या दिवशी नाही दाखवला तरी काही बिघडत नाही. स्पर्धेच्या आदल्या आठवड्यातही पडदा कमी करा. तिथे डायव्हरला स्वतःच्या जाणिवेवरच उडी मारायची आहे.

मुलं पोहण्याच्या कपड्यांत असतात, तेव्हा साठवणुकीबाबत कडक राहा. डिलेचा एक मोठा फायदा असा की चित्र मेमरीत येतं आणि पुढच्या चित्राखाली पुसलं जातं, मागे काही उरत नाही. रेकॉर्डिंग मुळातच बंद ठेवा. क्लिप हवीच असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, क्लाउड बॅकअप नसलेल्या उपकरणात ठेवा, आणि व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका.

पाण्याबाहेरच्या सरावातही, म्हणजे ट्रॅम्पोलिन, ड्राय बोर्ड किंवा दोरीला टांगलेल्या कमरपट्ट्यावर, हीच मांडणी चालते. तिथे पोहून येण्याचा वेळ नसतो, म्हणून विलंब ८ ते १० सेकंद पुरतो. त्यातही बोलण्याचे ३ सेकंद धरलेले असावेत. लागोपाठ दहा-बारा उसळ्या घेणाऱ्याला मात्र शेवटच्या दोनच उसळ्या बघायच्या असतात. विलंब अशा वेळी पहिल्या उसळीपासून न मोजता शेवटच्या दोन उसळ्यांपासून मोजा, नाहीतर तो थांबून पडद्याकडे वळला की हव्या त्या उसळ्या येईपर्यंत आधीच्या सगळ्या उसळ्या बघत त्याला ताटकळावं लागेल.